विजेचा सूट आणि चुन्याची भिंत

लेओबार्दो मास्तरांना रसायनशास्त्र येत होतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. ज्याला काहीच येत नाही तो चार लोकांना विचारतो, मुकाट्याने काम उरकतो आणि सुटतो. ज्याला थोडंफार येतं तो आधी समजावून सांगतो. मास्तर गेली कित्येक वर्षं आतलिस्को गावच्या माध्यमिक शाळेत मुलांना समजावून सांगत होते. त्यामुळे आपल्याला न समजलेलं असं काही जगात शिल्लक असेल, ही शंका त्यांच्या मनाला कधी शिवलीच नव्हती.

तर झालं असं की त्यांचे वडील डॉन सिरिलो यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि नासारेनोच्या पालखीच्या डाव्या दांड्याची तिसरी जागा रिकामी पडली. मास्तरांच्या ला पिलिता वस्तीत मेयर बदलतो, पाद्री बदलतो, पाण्याचा वार बदलतो, पण पालखीच्या जागा बदलत नाहीत. गुड फ्रायडेला नासारेनोची, म्हणजे खांद्यावर क्रूस घेतलेल्या येशूची, मूर्ती निघते, आणि तिच्या दांड्याखाली कुणी कुठे उभं राहायचं हे बापाकडून मुलाकडे जातं. तिसरी जागा आधी आजोबांची होती, मग डॉन सिरिलोंची. मास्तर एकुलते एक असल्यामुळे आता ती त्यांच्या गळ्यात, खरं म्हणजे खांद्यावर, येऊन पडली.

"तू?" बातमी ऐकून डॉन सिरिलो आरामखुर्चीतून म्हणाले. "तू आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचललंयस का?"

मास्तरांना हे लागलं. सत्तेचाळीस वर्षांच्या, चष्मा लागलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला बापाने असं बोललेलं जास्तच लागतं, कारण उलटून बोलायला मुद्दा नसतो. त्या क्षणी त्यांनी ठरवलं की बाकी आयुष्यात काही जमो न जमो, ही पालखी आपण उचलायची आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोरून न्यायची.

जागा मिळवायची एक रीत होती. नव्या माणसाने गुड फ्रायडेच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आत देवळाच्या दर्शनी भिंतीला एकट्याने, स्वतःच्या हाताने चुन्याची सफेदी द्यायची. पालखीच्या मंडळींनी समोर बसून बघायचं. ज्याचा हात देवाच्या भिंतीपर्यंत पोचत नाही त्याच्या खांद्याचा काय भरवसा, असा त्यामागचा हिशेब. सफेदी झाली नाही तर जागा घराबाहेर जाते. आणि ती कुणाकडे जाईल हेही सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या डोन्या चेलांचा मुलगा नेस्तोर टायरचं दुकान चालवायचा आणि ट्रकचं चाक एका हाताने फिरवायचा. तो फार गुणी मुलगा होता. रोज सकाळी मास्तरांना भेटला की म्हणायचा, "मास्तर, तब्येतीला जपा." यात वाईट काही नव्हतं, पण मास्तरांना त्यात वाईटच दिसायचं.

डोन्या चेला तर सल्ला द्यायला भिंतीवरून अर्ध्या आतच आलेल्या असायच्या.

"पोत्यातला चुना आणू नका हो मास्तर. ते नुसतं पीठ असतं. कळीचा चुना आणा आणि घरच्या अंगणात विरवा. माझ्या सासऱ्यांनी विरवलेला चुना अजून भिंतीवर आहे."

"पोत्यातला चुना आणि घरी विरवलेला चुना हे एकच द्रव्य आहे, डोन्या चेला," मास्तर म्हणाले आणि समजावून सांगायला लागले. चुनखडी भाजली की कळीचा चुना. त्यावर पाणी घातलं की तो तापतो, फुलतो, फुटतो आणि विरवलेला चुना होतो. तोच भिंतीला लावला की हवेतला कर्बवायू पिऊन पुन्हा चुनखडी होतो. "म्हणजे दगडाचा दगड. मधे फक्त आपल्याला कष्ट."

"मग तर घरीच विरवा," डोन्या चेला म्हणाल्या.

विज्ञानाची ही एक अडचण आहे. ते नीट समजावून सांगितलं की समोरच्याचाच मुद्दा पक्का होतो. मास्तरांनी कळीचा चुना आणला. विरवायला भांडं हवं, म्हणून बायकोचा, आसुसेनाचा, कपडे भिजवायचा निळा प्लास्टिकचा टब घेतला. हे द्रव्य पाण्याला उकळी आणतं हे ते दरवर्षी फळ्यावर लिहीत होते, पण फळ्यावर टबाचं चित्र कधी काढलं नव्हतं. पाणी ओतल्यावर ढेकळं तडतडली, वाफ निघाली, आणि मास्तर कौतुकाने "बघा, बघा" म्हणत असताना टबाची एक बाजू खाली वाकली, मग दुसरी वाकली, आणि अख्खा टब जमिनीवर पसरला. पांढरा उकळता चिखल संथपणे अंगणभर निघाला. तो डॉन सिरिलोंच्या मिरच्यांच्या वाफ्यात शिरला आणि तिथेच थांबला.

"मिरच्यांना चुना चांगला असतो म्हणे," मास्तर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

"उकळता?" डॉन सिरिलोंनी विचारलं.

आसुसेना काही बोलली नाही. ती बाहेर आली, टबाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि ओले कपडे घेऊन आत गेली. लग्नाला वीस वर्षं झाली की बाया बोलायचं सोडतात, आणि ते बोलण्यापेक्षा महागात पडतं. दुसऱ्या दिवशी मास्तर गुपचूप दुकानात जाऊन पोत्यातला विरवलेला चुना घेऊन आले. डोन्या चेलांना दिसू नये म्हणून पोतं उलटं धरून आणलं, तेव्हा त्यातला थोडा सांडून फाटकापासून दारापर्यंत पांढरी रेघ उमटली.

देऊळ जुनं असल्यामुळे भिंतीला हात लावायला सरकारी कचेरीची परवानगी लागायची. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला.

"रंग?"

"पांढरा."

"कुठला पांढरा?"

"चुन्याचा पांढरा. आत्ता आहे तोच."

"आत्ता आहे तो करडा आहे," बाई म्हणाल्या. "चुन्यात काय मिसळणार?"

वस्तीत सगळे जे मिसळतात तेच मास्तरांनी सांगितलं. मीठ, आणि निवडुंगाच्या पानांचा बुळबुळीत रस, म्हणजे सफेदी भिंतीला घट्ट धरते. बाईंनी पेन खाली ठेवलं. निवडुंग खाण्याची वस्तू असल्यामुळे तो वेगळ्या खिडकीचा विषय होता. वेगळ्या खिडकीने विचारलं की हा पदार्थ विकायचा आहे का. मास्तरांनी तो भिंतीला लावायचा आहे असं सांगितल्यावर त्यांना तिसऱ्या खिडकीकडे पाठवण्यात आलं. तिथला माणूस एकेकाळी त्यांचा विद्यार्थी होता आणि रसायनशास्त्रात नापास झाला होता. त्याने निवडुंगाच्या रसाचं रासायनिक सूत्र मागितलं. मास्तरांना ते येत नव्हतं. विद्यार्थ्याने फार प्रेमाने त्यांच्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. मास्तर बाहेर येऊन पायरीवर बराच वेळ बसून राहिले.

आता राहिला खांदा. इथे आसुसेनाचा धाकटा भाऊ रिगो उगवला. तो पुएब्ला शहरात अशा एका ठिकाणी कामाला होता जिथे श्रीमंत बाया काळे चिकट सूट घालून वीस मिनिटं उभ्या राहतात आणि त्या सुटातून वीज सोडली की स्नायू आपोआप आवळतात. रिगोने तसला एक जुना सूट पिशवीतून काढला. तो पाणबुड्याच्या पोशाखासारखा दिसत होता, आणि त्याच्या कमरेला एक डबी होती.

"दाजी, वीस मिनिटं म्हणजे व्यायामशाळेतले चार तास. तुम्ही काही करायचं नाही. सगळं मी फोनवरून करतो."

मास्तरांना यातलं विज्ञान लगेच पटलं. मेंदू स्नायूला जो हुकूम पाठवतो तो विजेचाच असतो. इथे तो डबी पाठवते. सुटाच्या आतल्या गाद्या पाण्याने ओल्या केल्या की वीज कातडीतून आत जाते, आणि स्नायूला हुकूम कुणाकडून आला हे कळत नाही. "म्हणजे मेंदूला सुट्टी," त्यांनी बायकोला सांगितलं.

"ती तू केव्हाच दिलीस," आसुसेना म्हणाली. टबानंतरचं हे तिचं पहिलं वाक्य होतं, म्हणून मास्तरांना त्यातल्या त्यात बरं वाटलं.

सूट अंगाला असा बसला की मास्तरांना स्वतःच्या शरीराविषयी नको ती माहिती मिळाली. लाजेकाजेस्तव त्यांनी वरून शाळेचा शर्ट आणि पँट चढवली आणि बैठकीच्या खोलीत गुडघे वाकवून उभे राहिले. रिगोने फोनवर बोट ठेवलं. अंगात मुंग्या आल्या. मग मुंग्यांचे मुंगळे झाले. इतक्यात रिगोला त्याच्या मैत्रिणीचा फोन आला. मैत्रीण चिडलेली होती. रिगो पाठ फिरवून तिची समजूत घालायला लागला आणि बोलता बोलता त्याचा अंगठा पडद्यावर वर वर सरकत राहिला.

मास्तरांचे हात छातीशी आवळले. जबडा बसला. डोळे बाहेर आले. ओरडायचं होतं, पण ओरडायचे स्नायूही डबीच्या ताब्यात होते. आणि नेमक्या त्या वेळी डोन्या चेला वाटीभर साखर मागायला दारात आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की शाळेच्या कपड्यातले मास्तर ताठ उभे आहेत, दात विचकलेत, थरथरताहेत, आणि डॉन सिरिलो शेजारी बसून शांतपणे टीव्हीवर फुटबॉल बघताहेत.

"चेला, बाजूला हो, गोल होतोय," डॉन सिरिलो म्हणाले.

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं की मास्तरांना फिट येतात, आणि घरच्यांना त्याची इतकी सवय झालीय की कुणी उठतसुद्धा नाही. नेस्तोर बिचारा विचारपूस करायला आला आणि जाताना म्हणाला, "काही लागलं तर हाक मारा, मास्तर. रात्रीबेरात्री." त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. मास्तरांनी दार लावलं आणि डोकं दाराला टेकलं.

फिटवाल्या माणसाच्या खांद्यावर देव कसा द्यायचा, हा प्रश्न रास्त होता. मंडळींचे प्रमुख डॉन प्लासिदो, जाड मिशांचे आणि कमी शब्दांचे गृहस्थ, स्वतः घरी आले.

"मास्तर, आमचं काही म्हणणं नाही. पण डॉक्टरचा दाखला आणा."

मास्तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. जाताना बसची कडी धरता येईना, इतके दंड दुखत होते. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. कागद आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"अपघात कधी झाला?"

"अपघात नाही झाला."

"मास्तर, स्नायू फाटले की रक्तात जे उतरतं, ते तुमच्या रक्तात इतकं आहे की तुमच्या अंगावरून बस गेलेली असायला हवी."

मास्तरांनी खरं सांगितलं. डॉक्टर ऐकत गेले. ऐकताना एकदा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. अशी उदाहरणं त्यांनी वाचली होती, ते म्हणाले. सवय नसलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी जोर लावला की असं होतं. भरपूर पाणी प्यायचं, जड काही उचलायचं नाही, पुन्हा रक्त तपासल्याशिवाय दाखला मिळणार नाही. पुन्हा तपासायची तारीख झावळ्यांच्या रविवारनंतरची होती.

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. त्यांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. शर्ट घालायला आसुसेना लागत होती. फळ्यावर लिहिताना ते खालच्या अर्ध्या भागातच लिहीत होते, आणि मागच्या बाकावरची मुलं उभी राहून वाचत होती. भिंत तर दोन माणसं उंच. आजोबांनी सांभाळलेली, बापाने सांभाळलेली जागा आपल्या हातून, आणि तीही हात वर होत नाही एवढ्यासाठी, जाणार. त्यांना मनापासून रडू आलं. पण रुमालापर्यंत हात नेणंही दुखायचं, म्हणून तो विचार त्यांनी सोडून दिला.

"दाजी, तुमचा हात वर जात नाही ना?" रिगो म्हणाला. "मग सूट आहे की. तुमच्या स्नायूची इच्छा कोण विचारतंय? मी फक्त खांद्याची गादी चालू करतो. खांदा आवळला की हात वर. सोडला की खाली. तुम्ही नुसता ब्रश धरा."

माणूस बुडायला लागला की काडीचा आधार घेतो हे खरं, पण त्या काडीला तारा जोडलेल्या आहेत का हे बघत नाही. मास्तरांनी विचार केला, त्यात शास्त्रीय चूक शोधली, सापडली नाही, आणि त्यांनी होकार दिला. डॉक्टरांचं म्हणणं जड उचलण्याबद्दल होतं. ब्रश जड नव्हता. आसुसेना म्हणाली, "लेओ, एवढं करून काय मिळणार आहे तुला?" काय मिळणार ते आतल्या खोलीत खुर्चीवर बसलं होतं आणि भिंतीपलीकडून सगळं ऐकत होतं.

शनिवारी सकाळी अर्धी वस्ती देवळासमोर जमली. मंडळी बाकांवर बसली. डॉन सिरिलोंना नातवंडं नव्हती म्हणून नेस्तोरने उचलून आणलं, खुर्चीसकट, एकट्याने, आणि सावलीत ठेवलं. मास्तरांना तेवढंच बघायचं राहिलं होतं. अंगात सूट होता, त्यावर लांब बाह्यांचा जुना शर्ट. रिगो बर्फाच्या गोळ्याच्या गाडीआड फोन घेऊन उभा राहिला. बादलीत चुना, निवडुंगाचा रस आणि मीठ. मिठाचं प्रमाण डोन्या चेलांनी ऐन वेळी ओंजळभर वाढवलं होतं. "मीठ म्हणजे भिंतीची ताकद, मास्तर," असं म्हणून.

आणि नवल म्हणजे जमलं. खांदा आवळला की हात ब्रशसकट वर जायचा, सुटला की सरळ खाली यायचा. भिंतीवर स्वच्छ पांढरे पट्टे उमटायला लागले. लोक कौतुकाने बघत होते. "काय लय आहे बघा," कुणीतरी म्हणालं. मास्तरांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं, आणि बरं वाटलं की हा माणूस समजावून सांगायला लागतो.

"हा चुना आत्ता तुम्हाला पाणचट दिसेल," ते मान मागे वळवून म्हणाले. "पण तुम्ही जो श्वास सोडता तो ही भिंत पिते, आणि त्याचा दगड होतो. आज इथे जमलेल्या सगळ्यांचा श्वास..."

ते बोलत असताना हात वरच होता. वरच्या ब्रशातून पातळ चुना मनगटावर उतरला, बाहीत शिरला, काखेत आला, आणि पाठीवर, छातीवर पसरला. आता साध्या पाण्यातून वीज जेमतेम जाते. चुन्याच्या पाण्यातून बरी जाते. त्यात ओंजळभर जास्तीचं मीठ असेल तर ती घरच्यासारखी फिरते. हे मास्तर आठवीच्या वर्गाला दिव्याची वायर ग्लासात बुडवून दाखवत असत. दिवा कसा लागतो ते त्यांना चांगलं माहीत होतं. दिव्याला कसं वाटतं ते त्या सकाळी कळलं.

खांद्यासाठी निघालेली वीज सगळ्या अंगभर हिंडली. दोन्ही हात ताडकन पसरले. गुडघे ताठ झाले. मास्तर पुढे झेपावले आणि ओल्या भिंतीला छाती, पोट, गाल लावून चिकटले. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. गाडीआड रिगो सूट बंद करायला धडपडत होता, पण मघाशी घेतलेल्या चिंचेच्या गोळ्याचा पाक त्याच्या बोटांना लागला होता आणि फोनचा पडदा पाकाला दाद देत नव्हता. तो बोटं चाटायचा, पडदा पुसायचा, पुन्हा दाबायचा.

बाकांवरची मंडळी उठून उभी राहिली. समोर एक माणूस हात क्रुसासारखे पसरून देवळाच्या भिंतीला मिठी मारून उभा होता. त्याचं सर्वांग कापत होतं आणि गालांवरून पांढरे थेंब ओघळत होते. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका हळूच गुडघ्यांवर बसल्या. डोन्या चेलांनी छातीवर क्रूस काढला. कुणाच्या तरी हुंदक्याचा आवाज आला.

शेवटी रिगोने नाकाने पडदा दाबला. मास्तर भिंतीवरून सुटले आणि खाली बसले. आसुसेनाने पाण्याची बादली ओतली, पुन्हा ओतली, शर्टाच्या आतून ओतली. तोपर्यंत डॉन प्लासिदो टोपी हातात घेऊन समोर उभे होते.

"मास्तर, इतकी वर्षं मी ही सफेदी बघतोय. पण भिंतीला मिठी मारून रडणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. फिट म्हणणाऱ्यांना लाज वाटायला हवी. दाखला नको आम्हाला."

"नाही हो, डॉन प्लासिदो," मास्तर कसेबसे म्हणाले. काहीही झालं तरी ते विज्ञानाचे शिक्षक होते. "तो विजेचा प्रवाह होता."

"हो," डॉन प्लासिदो घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आम्हालाही जाणवला."

मास्तर पुढे बोलणार होते, पण आसुसेनाने त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की दुखऱ्या स्नायूने एकदाचा स्वतःच्या बुद्धीने उसळी घेतली. राहिलेली भिंत त्यांनी दुपारपर्यंत डाव्या हाताने, शिडीवर चढून, कण्हत कण्हत पुरी केली. प्रत्येक कण्हण्याला खालून "आमेन" येत होतं. जिथे ते चिकटले होते तिथे मात्र पाद्रींनी पुन्हा ब्रश फिरवू दिला नाही. तिथे पसरलेल्या हातांचा, चेहऱ्याचा आणि सगळ्यांत स्पष्ट म्हणजे पोटाचा ठसा राहिला. बायका त्याखाली मेणबत्त्या लावायला लागल्या. मास्तर शाळेत जाताना रोज मान खाली घालून तिथून जायचे, आणि लोकांना ती नम्रता वाटायची.

गुड फ्रायडेला दुपारी मास्तर जांभळा झगा घालून डाव्या दांड्याच्या तिसऱ्या जागी उभे राहिले. काखेत चुन्याने उठलेलं पुरळ झग्याला घासत होतं. पुढे एक सुतार, मागे एक खाटीक, दोघंही मास्तरांपेक्षा चांगलेच उंच. रस्त्याच्या कडेला लोक दाटीवाटीने उभे होते. त्यांच्यात नेस्तोरही होता, टोपी काढून, मनातला सल चेहऱ्यावर न दाखवता. मास्तरांनी डोळे मिटले आणि मनात म्हणाले, देवा, मला मोडून टाक पण घरापर्यंत ने. डॉन प्लासिदोंनी हाक दिली. सगळ्यांच्या तोंडून हुंकार निघाला आणि पालखी उठली.

मास्तरांनी दात आवळून वाट बघितली. भार आला नाही.

त्यांनी डोळे उघडले आणि बाजूला बघितलं. दांडा पुढच्या सुताराच्या खांद्यावरून निघून मागच्या खाटकाच्या खांद्यावर टेकला होता. मधे, त्यांच्या खांद्याच्या वर, बोटभर मोकळी हवा होती. त्यांनी टाचा उचलल्या. दांडा तरीही खांद्याला टेकेना. त्यांनी हाताने तो वर ढकलून पाहिला.

"हात नका लावू, मास्तर," मागून खाटीक धापा टाकत म्हणाला. "तोल जातो. नुसते चला."

मास्तर नुसते चालले. चौक ओलांडला, बाजाराची गल्ली आली, चढ लागला. पुढचा सुतार घामाने निथळत होता, मागचा खाटीक देवाचं नाव घेत होता, आणि मास्तर त्या दोघांच्या मधे दांड्याखाली खांदा धरून, तोंड वेडंवाकडं करून, हवा वाहत होते. पुरळ, फाटलेले स्नायू, टब, तीन खिडक्या, भिंतीवरचं पोट, सगळं या बोटभर हवेसाठी. त्यांच्या डोळ्यांतून खरोखर पाणी आलं. कडेच्या बायकांनी ते बघितलं आणि एकमेकींना खुणावलं.

घराच्या दाराशी डॉन सिरिलोंची खुर्ची ठेवलेली होती. पालखी समोरून जाताना म्हाताऱ्याने मूर्तीकडे बघितलंच नाही. तो मुलाच्या खांद्याकडे बघत होता. मास्तरांनी कंबर वाकवली, गुडघे लटपटवले आणि जिवाच्या आकांताने कण्हले. इतकं चांगलं सोंग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि करताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मास्तर झगा काढून वडिलांच्या शेजारी येऊन बसले. आसुसेनाने गुळाच्या पाकात भिजवलेला पाव दोघांच्या हातात दिला आणि ती आत गेली. दोघंही खुर्च्यांवर बसले होते आणि दोघांचेही पाय जमिनीला जेमतेम टेकत होते.

"जड होती?" डॉन सिरिलोंनी विचारलं.

मास्तरांनी हातातल्या पावाकडे बघितलं.

"फार जड होती, बाबा."

म्हाताऱ्याने मान हलवली. गल्लीत पलीकडे कुणाशी तरी बोलणाऱ्या नेस्तोरच्या रुंद, उंच खांद्यांकडे तो थोडा वेळ बघत राहिला.

"मलाही, तुझ्या आजोबांनाही, अशीच फार जड जायची," तो आवाज खाली आणून म्हणाला. "म्हणून तर ही जागा आपण घराबाहेर जाऊ दिली नाही."